मानव्यविद्येतलं संशोधन दुसऱ्याला पडताळता यावं म्हणून

एकाच पत्रव्यवहाराचा दोघांनी वेगळा अर्थ लावला तर काही बिघडत नाही. पण कोणती पत्रं घेतली, कोणती वगळली आणि कोणत्या प्रतीवरून वाचली हेच कळलं नाही, तर तुमचा अर्थ कुणाला धड मान्यही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. या नोंदी काम चालू असतानाच करायच्या. लेख झाल्यावर आठवून लिहिलेल्या नोंदींवर विसंबता येत नाही.

सुरुवात शोधाच्या नोंदवहीपासून करा. दर शोधाला एक ओळ: तारीख, सूचीचं किंवा डेटाबेसचं नाव, टाइप केलेले शब्द जसेच्या तसे, लावलेले फिल्टर, मिळालेल्या नोंदी, घेतलेल्या नोंदी, बाकीच्या सोडण्याचं कारण. काहीच मिळालं नाही तरी ओळ लिहा. जुनी वर्तमानपत्रं ओसीआरवरून, म्हणजे पानाच्या चित्रातून संगणकानं वाचलेल्या मजकुरावरून, शोधताना झिजलेल्या ठशांची अक्षरं चुकीची वाचली जातात, त्यामुळे शून्य नोंदी म्हणजे उल्लेखच नाही असं नव्हे. काही अंक डोळ्यांनी वाचा आणि किती उल्लेख निसटले ते लेखात सांगा.

अभिलेखागारात प्रत्येक दप्तराचा पहिला फोटो त्याच्या क्रमांकाच्या चिठ्ठीचा काढा. त्याच दिवशी फाइलींना ‘संग्रह_दप्तर_पान_बाजू’ अशी नावं द्या. मूळ फोटो तसेच ठेवून काटछाट प्रतीवर करा.

लिप्यंतराचे, म्हणजे मूळ कागद वाचून मजकूर टाइप करण्याचे, नियम आधीच एका पानावर लिहा: संक्षेप सोडवले का, विरामचिन्हं घातली का, तर्कानं भरलेली अक्षरं कशी दाखवली. मजकूर यूटीएफ-८ या सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणाऱ्या संगणकीय पद्धतीत, साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवा. देवनागरीत ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण एक प्रकार शोधला की दुसरा सापडेलच असं नाही. सगळा मजकूर एका प्रकारावर आणल्याशिवाय शब्द मोजू नका.

तारखांनी तर कित्येक तक्ते बिघडतात. एक्सेल १९०० पूर्वीची तारीख तारीख मानत नाही. १८९८ची नोंद मजकूर राहते, १९०२ची आतून संख्या होते आणि क्रम लावला की कालक्रम मोडतो. टाइप करण्याआधीच तो रकाना टेक्स्ट करा, वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवा आणि मूळ कालगणनेतली तारीख शेजारी द्या.

मुलाखतींतल्या भागांना विषयसंकेत, म्हणजे विषय दाखवणाऱ्या खुणा, देत असाल तर प्रत्येक संकेताची व्याख्या, एक बसणारं आणि एक न बसणारं उदाहरण लिहा. काही भाग दुसऱ्याकडून स्वतंत्रपणे संकेतित करून घ्या. जुळणीची नुसती टक्केवारी देऊ नका, योगायोगाचा वाटा लक्षात घेणारा कोहेनचा कॅपा हा आकडाही द्या. व्याख्या बदलली की आधीच्या मुलाखती पुन्हा तपासा. हेच बहुतेकदा राहून जातं, आणि मग पहिल्या व शेवटच्या मुलाखतींची तुलनाच होत नाही.

शेवटी नोंदवही, नियम आणि तक्ते झेनोडोसारख्या ऑनलाइन संशोधन-भांडारात ठेवून डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक, घ्या. कॉपीराइटमुळे मजकूर देता येत नसेल तर त्याच्या क्रमांकांची यादी द्या. मुलाखती मात्र संमतिपत्रात परवानगी असेल तितक्याच खुल्या करा. प्रकाशनाआधी एखाद्या सहकाऱ्याला कोणत्याही पाच तळटीपा निवडून, तुम्हाला काहीही न विचारता, मूळ पानापर्यंत पोहोचायला सांगा. तो जिथे अडेल तिथली नोंद दुरुस्त करा.