लहान बेडरूम असलेले घर विकायला काढताना

घर पाहायला आलेली माणसे दिवाणखान्यात बराच वेळ थांबतात, स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहतात आणि लहान बेडरूममध्ये मात्र दारातूनच डोकावून पुढे सरकतात. तेवढ्या वेळात त्यांच्या मनात दोनच प्रश्न असतात: येथे पलंग कुठे बसेल आणि तो बसल्यावर वावरायला जागा उरेल का? या प्रश्नांची उत्तरे खोलीकडे पाहताच मिळाली, तर तिचा लहान आकार फारसा खटकत नाही. ती मिळाली नाहीत, तर भिंतींना कितीही सुरेख रंग दिलेला असला तरी ‘एक खोली फारच लहान आहे’ एवढेच त्यांच्या लक्षात राहते. म्हणून विक्रीपूर्वीच्या तयारीची सुरुवात पलंगापासून करावी, रंगाचा विचार नंतर करावा, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी आधी खोलीची मापे कागदावर मांडावीत. खोली 10 फूट लांब आणि 9 फूट रुंद आहे असे धरले, तर तिचे क्षेत्रफळ 90 चौरस फूट होते. सहा फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब पलंग एकटाच 39 चौरस फूट, म्हणजे जवळजवळ 43 टक्के जमीन व्यापतो. त्याची उशाची बाजू 9 फुटी भिंतीच्या मध्यावर टेकवली, तर दोन्हीकडे केवळ दीड-दीड फूट जागा उरते आणि तेथून अंग चोरूनच जावे लागते. त्याऐवजी पाच फूट रुंदीचा पलंग ठेवल्यास दोन्हीकडे दोन-दोन फूट, म्हणजे सुमारे 60 सेंटिमीटर वाट मिळते, आणि एका माणसाला सरळ चालण्यासाठी ती पुरेशी असते. पायथ्याशी उरणाऱ्या साडेतीन फुटांत भिंतीतल्या कपाटाचे दार नीट उघडते. पण तेथे दोन फूट खोल असे सुटे कपाट उभे असेल तर दीडच फूट शिल्लक राहतो, आणि अशा वेळी ते कपाट त्या खोलीतून हलवणेच शहाणपणाचे ठरते. घरात मोठा पलंगच असेल, तर घर दाखवण्याच्या काळापुरता तो नातेवाइकांकडे ठेवून लहान पलंग आणण्याची खटपट जरूर करावी. पलंग पायांवर उभा असलेला आणि खालची जमीन दिसू देणारा असेल तर उत्तम, कारण जितकी जमीन डोळ्यांना दिसते तितकी खोली मोठी वाटते. त्याच कारणासाठी पलंगाखाली पेट्या आणि पिशव्या सरकवून ठेवू नयेत.

खोलीची रुंदी सात फुटांच्या आसपास असेल, तर तेथे दोघांचा पलंग कोंबण्याचा हट्ट सोडावा. तीन फूट रुंदीचा एकेरी पलंग लांब भिंतीला लावून उरलेल्या जागेत एक छोटे टेबल आणि खुर्ची ठेवली, की ती खोली मुलाची, पाहुण्यांची किंवा अभ्यासाची म्हणून सहज पटते. येथे एका चलाखीविषयी स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. खोली मोठी भासावी म्हणून काही जण मुद्दाम नेहमीपेक्षा आखूड पलंग बनवून मांडतात. हे करू नये. गंभीरपणे घर घेणारा माणूस टेप घेऊन येतोच, आणि एका ठिकाणी फसवणूक दिसली की तो उरलेल्या घराकडेही संशयानेच पाहू लागतो.

खोली पूर्ण रिकामी करून दाखवावी, म्हणजे ती मोठी वाटेल, असाही एक समज आहे. अनुभव बहुतेक वेळा उलट येतो. रिकाम्या खोलीत नजरेला कशाशीच तुलना करता येत नाही, त्यामुळे येथे पलंग मावेल की नाही याचा अंदाज पाहणाऱ्याला बांधता येत नाही, आणि शंका आली की माणूस खोली लहानच धरतो. म्हणून योग्य मापाचा पलंग, त्याच्या उशाशी एक छोटे टेबल आणि एक दिवा एवढे सामान ठेवावे. बाकीच्या सामानाची बांधाबांध तुम्हाला घर सोडताना करावी लागणारच आहे, ती आधीच उरकून घ्यावी. मात्र काढलेले सामान गॅलरीत किंवा शेजारच्या खोलीत रचून ठेवल्यास एका खोलीचे दुखणे दुसरीकडे जाते, एवढेच.

आवराआवर झाल्यावर उंबऱ्यावर उभे राहून समोर पाहावे. दारातून खिडकीपर्यंत किंवा समोरच्या कोपऱ्यापर्यंत नजर अडथळ्याविना पोहोचली पाहिजे. दारामागे खुंटीला अडकवलेले कपडे आणि पिशव्या काढाव्यात, कारण त्यांच्यामुळे दार पूर्ण उघडत नाही आणि अर्ध्याच उघडणाऱ्या दारातून आत येणाऱ्याला पहिल्या पावलालाच अडचण जाणवते. कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल घालावे आणि सैल झालेली कडी घट्ट करून घ्यावी.

आता रंगाकडे वळू. भिंतीवर ओल आलेली असेल, पोपडे सुटले असतील, तर त्यावर नुसता रंग देऊन ते झाकू नये; गळती कुठून होते ते शोधून आधी ती थांबवावी, भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि मगच पुट्टी व प्रायमर लावावा. झाकलेली ओल काही आठवड्यांत पुन्हा वर येते आणि ठरत आलेला व्यवहारही त्यामुळे मोडू शकतो. रंग निवडताना तो किती प्रकाश परत फेकतो हे महत्त्वाचे असते. चांगला पांढरा रंग त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी 80 टक्क्यांहून अधिक परावर्तित करतो, तर गडद निळा किंवा तपकिरी रंग जेमतेम 10 टक्के. अर्थात अगदी शुभ्र रंग कमी उजेडाच्या खोलीत करडा आणि थंड दिसतो, म्हणून तेथे किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा अधिक खुलतो. चारही भिंतींना एकच रंग द्यावा, छत त्याहून थोडे उजळ ठेवावे आणि चकाकणारा रंग टाळावा, कारण त्यात भिंतीचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो.

प्रकाशाची बाब मला रंगाहून मोठी वाटते, कारण उत्तम रंगही अंधारात वाया जातो. छताच्या मध्यावर एकच दिवा असला की कोपरे काळोखे राहतात, आणि काळोखे कोपरे खोलीला आत ओढून घेतात. पलंगाशेजारी एक आणि समोरच्या कोपऱ्यात भिंतीवर प्रकाश टाकणारा एक असे दोन दिवे वाढवले, तर भिंती मागे सरकल्यासारख्या वाटतात. सुमारे 800 ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) एलईडी बल्ब जुन्या 60 वॅटच्या बल्बइतका उजेड देतो. असे दोन-तीन बल्ब लहान खोलीला पुरतात. प्रकाशाची छटा केल्विनमध्ये मोजतात; बेडरूमसाठी 2700 ते 3000 केल्विनचा उबदार, पिवळसर प्रकाश योग्य असतो, 6500 केल्विनच्या निळसर पांढऱ्या प्रकाशात खोली दवाखान्यासारखी दिसते. काहीही निवडले तरी एका खोलीतले सगळे दिवे एकाच छटेचे असावेत. अर्धे पिवळे आणि अर्धे पांढरे दिवे असले की नीटनेटकी खोलीसुद्धा विस्कटलेली वाटते.

दिवसाच्या उजेडासाठी खिडकीच्या काचा आतून-बाहेरून पुसाव्यात आणि जाळी धुवावी. पडद्याची दांडी चौकटीच्या वर साधारण सहा इंच आणि दोन्ही बाजूंना आठ ते दहा इंच बाहेर निघेल अशी बसवली, तर उघडलेला पडदा भिंतीवर जमा होतो, संपूर्ण काच मोकळी राहते आणि खिडकी मूळ मापापेक्षा मोठी भासते. पडदा पातळ, भिंतीच्या रंगाच्या जवळचा आणि जमिनीपर्यंत पोहोचणारा असावा. आरसा एकच, पण मोठा लावावा, आणि त्यात खिडकी दिसेल अशा जागी. त्यात पसारा किंवा संडासाचे दार दिसत असेल तर तो न लावलेलाच बरा.

पाहणारे कपाट उघडतातच, आणि त्यात गैर काही नाही. ठासून भरलेले कपाट ‘या घरात वस्तू ठेवायला जागा नाही’ असे सांगते, म्हणून त्याचा निदान एक तृतीयांश भाग रिकामा ठेवावा. डांबराच्या गोळ्या काढून टाकाव्यात. वास घालवण्यासाठी सुगंधी फवारा मारण्यापेक्षा पाहुणे येण्याआधी अर्धा तास खिडकी आणि दार उघडे ठेवावे; दाट सुगंध आला की त्याखाली काय लपवले आहे, असा विचार कोणाच्याही मनात येतो.

छायाचित्रे दिवसा, पण खिडकीतून थेट ऊन आत येत नसताना घ्यावीत. मोबाइल छातीच्या उंचीवर सरळ धरावा, म्हणजे भिंतींच्या उभ्या रेषा तिरक्या होत नाहीत. मोबाइलमधले अतिरुंद भिंग वापरून खोली ताणू नये; त्या चित्रात पलंग रबरासारखा लांबतो आणि प्रत्यक्ष खोली पाहताना माणूस निराश होऊनच आत येतो. त्यापेक्षा जाहिरातीत खोलीची नेमकी मापे द्यावीत. त्यामुळे ज्यांना ती पुरणार नाही ते येत नाहीत, आणि जे येतात ते मनाची तयारी करून येतात.

प्रत्यक्ष घर दाखवताना सगळे दिवे आधीच लावून ठेवावेत, दार पूर्ण उघडावे आणि पाहणाऱ्यांना पुढे जाऊ द्यावे. नऊ बाय दहाच्या खोलीत चार माणसे एकदम शिरली तर कोणतीही तयारी कामी येत नाही, म्हणून मालकाने स्वतः बाहेरच थांबावे, मापे विचारली तर तेथूनच सांगावीत, आणि त्यांना खिडकीपर्यंत जाऊन बाहेर पाहायला पुरेसा वेळ द्यावा.