परजीवी मेले, की रक्तपेशीच फुटल्या?

एमएस्सीनंतर मलेरियावर वनस्पतींचे अर्क तपासण्याच्या प्रोजेक्टवर निवड झाली तेव्हा आईनं लगेच काडेचिराईत सुचवलं. मी घेतली सातवीण. पावसाळा सरला की मुंबईच्या रस्त्यांवर जिच्या फुलांचा उग्र वास सुटतो, तीच.

तिची साल काष्ठौषधीच्या दुकानातून आणली आणि तिथेच चुकले. पुडीवरून झाड कोण ओळखणार? पानाफुलांसकट फांदी आणा, झेवियर्स कॉलेजमधल्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) ठिकाणी ओळख पटवून घ्या आणि नमुन्याचा नंबर जपून ठेवा. पेपर लिहिताना तो लागतोच.

अर्क काढताना काढ्यासारखं रटरटा उकळू नका. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी १९७१ मध्ये कमी तापमानाला ईथर हा द्रावक वापरला, तेव्हा कुठे आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या औषधाची वाट सापडली (२०१५ चं नोबेल त्याचंच).

मुंबईत व्हायवॅक्स या मलेरियाच्या परजीवीचे रुग्ण जास्त, पण तो प्रयोगशाळेत सलग वाढत नाही. म्हणून त्याचा भाऊबंद फाल्सिपेरम. माणसाच्या रक्तपेशींत परजीवी वाढवायची १९७६ ची ट्रॅगर-जेन्सन पद्धत आम्ही मेणबत्तीवर चालवायचो: बरणीत कल्चरच्या (परजीवी वाढवायच्या) प्लेटा, शेजारी पेटती मेणबत्ती, ज्योत विझली की झडप बंद. आत ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त. परजीवींना तेच मानवतं.

आता माझी फजिती. पहिल्याच प्लेटमध्ये सातविणीनं जवळजवळ सगळे परजीवी संपवले. मी वडापाव वाटले! दुसऱ्या दिवशी एका सीनियर ताईनं प्लेट उजेडासमोर धरली. तळाशी रक्तपेशींचा थर बसून वरचं माध्यम स्वच्छ दिसायला हवं होतं. प्लेटमधल्या जास्त मात्रेच्या छोट्या खड्ड्यांत ते सरबतासारखं लाल होतं. अर्कानं रक्तपेशीच फोडल्या होत्या. घरच पडल्यावर भाडेकरू कुठला राहतोय? सॅपोनिन (साबणासारखा फेस करणारं द्रव्य) असलेल्या वनस्पतींत हे हमखास होतं. तेव्हापासून मी निरोगी रक्तपेशींवर तोच अर्क, अर्क ज्यात विरघळवतो त्या नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल आणि क्लोरोक्विन हे मलेरियाचं ठरलेलं औषध, हे तिन्ही लावल्याशिवाय प्लेट भरत नाही. परजीवी मोजणाऱ्या यंत्राच्या फ्लुरोसन्सच्या (चकाकीच्या) आकड्यावरही विसंबू नका, हिरवा अर्क त्यात गडबड करतो. गिम्सा रंगानं रंगवलेली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः मोजा. मान दुखते, इलाज नाही.

त्यानंतर वेरोसारख्या (माकडाच्या मूत्रपिंडाच्या) निरोगी पेशींवरही तोच अर्क तपासायचा. परजीवी मरतात त्याच मात्रेत त्याही मरत असतील, तर ते औषध नव्हे, विष.

आणि रविवार विसरा. माध्यम रोज बदलावं लागतं. त्यात मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असला, तर पहाटेचीच लोकल पकडा.