आपत्ती कक्षात नवीन येताय? सायरन राहू दे, आधी फोनची यादी बघा

आपत्ती व्यवस्थापनात नोकरी करायची म्हटलं की नवीन पोरं-पोरी पहिलं विचारतात, सॅटेलाइट फोन हातात मिळतो का, ड्रोन असतो का, एनडीआरएफबरोबर (केंद्राचं आपत्ती बचाव दल) बोटीत जायला मिळतं का. मिळतं कधीतरी. बाकी वर्षभर फोन, एक्सेल, वायरलेस सेट, व्हॉट्सअ‍ॅप आणि एक जाडजूड रजिस्टर एवढंच. ठाणे जिल्ह्यातल्या एका महापालिकेच्या आपत्ती कक्षात, म्हणजे कंट्रोल रूममध्ये, कंत्राटी पदावर मी काही पावसाळे काढलेत, त्यावरून सांगतोय, दुसऱ्या जिल्ह्यात थोडं वेगळं असू शकतं.

शिक्षणाचं पटकन सांगून टाकतो. टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्था) याच विषयात पूर्णवेळ एमए आहे, इग्नूचा पीजी डिप्लोमा नोकरी सांभाळून होतो, एनआयडीएम या केंद्राच्या आपत्ती प्रशिक्षण संस्थेचे ऑनलाइन कोर्स आहेत, पुण्यात यशदा या राज्याच्या प्रशिक्षण संस्थेत ट्रेनिंग होतात. हे सगळं चांगलंच आहे. पण एकच गोष्ट करायची असेल तर एनडीएमएची (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण) 2010 ची इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टीमची गाइडलाइन नीट वाचा, कारण घटनास्थळी कोण कुणाला रिपोर्ट करतो, मीडियाशी कोण बोलतो, दुसऱ्या खात्यांशी समन्वय कोण ठेवतो हे त्यात स्पष्ट लिहिलंय. वाचल्यावर वाटतं किती सोपं आहे, आणि मग पहिला मोठा पाऊस येतो.

कागदावर 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, म्हणजे एक प्रमुख ठरलेला आहे. पण आपल्या एका जिल्ह्यात सहा महापालिका आहेत, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, भिवंडी आणि उल्हासनगर, प्रत्येकीचे आयुक्त वेगळे, कंट्रोल रूम वेगळी, वर रेल्वे, एमआयडीसी, सिडको, एमएमआरडीए, महावितरण, जलसंपदा, आणि दोन-तीन पोलीस आयुक्तालयं. आता खारघरमधून एक बाई फोन करतात की सोसायटीत पाणी शिरलंय. त्यांच्या पत्त्यावर नवी मुंबई लिहिलेलं असतं, पण खारघर पनवेल महापालिकेत येतं आणि जिल्हा रायगड. बेलापूर शेजारीच, ते मात्र ठाणे जिल्हा. त्या बाईंना हे ऐकवून काय उपयोग? 'ते आमच्याकडे येत नाही' एवढं बोलून फोन ठेवणारा माणूस या कामात नको. त्यांचा नंबर घ्यायचा, पलीकडच्या कक्षाला स्वतः फोन लावायचा, तिथे कुणी घेतला त्याचं नाव लिहायचं आणि बाईंना उलटा फोन करून सांगायचं. यात तुमची पाच मिनिटं जातात, पण त्या बाईंचा अर्धा तास वाचतो.

धरणांचं तर अजून मजेशीर आहे. मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेचं, पण ते आहे रायगडमध्ये खालापूरला. बारवी एमआयडीसीचं. भातसा जलसंपदाचं, पाणी पितं मुंबई. म्हणजे विसर्गाचा मेसेज तीन वेगळ्या ऑफिसांतून तीन वेगळ्या भाषेत निघणार. एकजण क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट पाणी) लिहितो, एकजण क्युमेकमध्ये (सेकंदाला किती घनमीटर), आणि एक क्युमेक म्हणजे साधारण 35 क्युसेक, तेव्हा फॉरवर्ड करताना कुणी युनिट खाल्लं की पुढचा माणूस एकतर उगाच घाबरतो नाहीतर झोपून राहतो. बरं युनिट बरोबर असलं तरी उल्हास नदीकाठच्या पोलीस पाटलाला क्युसेकचं करायचंय काय? त्याला कळायला हवं की कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या रायते पुलावर पाणी येऊ शकतं, साधारण किती वाजेपर्यंत, आणि गुरं आत्ता हलवायची की थांबायचं. हे भाषांतर करणं हेच तुमचं काम आहे आणि ते कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पातळी भरली की आपोआप उघडतात, म्हणून तिथली पातळी वाढायला लागली की तेव्हापासूनच खालच्या गावांशी बोलायला सुरुवात करायची, दरवाजे उघडायची वाट बघायची नाही. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले, त्या दिवशी रेल्वे, महसूल, एनडीआरएफ, नेव्ही आणि आसपासचे गाववाले असे सगळे एकाच पाण्यात होते. ती घटना नीट वाचा. कुणाकडे काय माहिती होती आणि कुणाला काय हवं होतं अशी दोन रकान्यांची यादी करून बघा, चांगला अभ्यास होतो.

हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट 'ठाणे जिल्हा' असा येतो. शहापूरचा डोंगर आणि वाशीची खाडी दोन्ही त्यातच. म्हणून अलर्ट आला की लगेच भरतीचं वेळापत्रक उघडायचं. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आला तर खाडीत पाणी जायला जागाच राहत नाही, नवी मुंबईत सिडकोने बांधलेले धारण तलाव आहेत तेही भरतीच्या वेळी पाणी धरूनच ठेवतात. ठाण्यात वंदना डेपोचा परिसर, विटाव्याचा रेल्वे पूल, दिव्याचे सखल भाग, हे तर पोरांनासुद्धा पाठ आहेत. मग मेसेजमध्ये 'मुसळधार पावसाची शक्यता, सतर्क रहावे' असं मोघम का लिहायचं? 'दुपारी एक ते तीन विटावा पुलाखालून जाऊ नका' असं लिहा ना. आता सचेत या सरकारी इशारा यंत्रणेवरून सेल ब्रॉडकास्टही येतं, भागातल्या सगळ्या मोबाईलवर एकदम वाजतं, त्याचा उपयोग आहेच, पण गल्लीची माहिती गल्लीतल्या माणसालाच द्यावी लागते.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हा वेगळा आजार. जोरात पाऊस असला की प्रत्येक ग्रुपवर तोच व्हिडिओ, आणि महत्त्वाच्या मेसेजखाली 'नोटेड सर', 'ओके सर', हात जोडलेले. पंप नेमका कोण पाठवणार ते कुणालाच माहीत नाही. माझं मत साधं आहे, ग्रुप हा नोंदीसाठी, आदेश फोनवर किंवा वायरलेसवर. आणि समोरच्याला सांगायचं, मी काय बोललो ते परत सांगा. सुरुवातीला उपअभियंत्यांना असं म्हणायला लाज वाटते, ते रागावतातही, पण 'साहेब, रजिस्टरला लिहायचंय' म्हटलं की बिचारे सांगतात. रजिस्टरच्या नावावर सरकारी ऑफिसात बरंच काही होतं.

इमारत पडली की आकड्यांचा गोंधळ सुरू. पोलिसांचा वेगळा, फायर ब्रिगेडचा वेगळा, वॉर्ड ऑफिसचा वेगळा, चॅनलचा सगळ्यात मोठा. कुणी खोटं बोलत नसतं, एकच माणूस ढिगाऱ्याजवळ एकदा मोजला जातो आणि कळवा हॉस्पिटलला पोचल्यावर परत एकदा. 2013 मध्ये शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत पडली तेव्हा 74 जीव गेले, अशा वेळी नातेवाईक बाहेर उभे असतात आणि तुमच्या एका आकड्यावर त्यांची रात्र ठरते. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे वेळ आणि कुणी दिला ते लिहायचं, मृतांचा आकडा हॉस्पिटलकडूनच घ्यायचा, आणि बाहेर बोलणारा एकच. पत्रकारांना टाळू नका, 'पुढची माहिती सहा वाजता देतो' म्हणा आणि सहाला द्या, नवीन काही नसलं तरी. वेळ पाळली नाही तर ते दुसरा सोर्स शोधणारच, त्यांचंही काम आहे.

केमिकल कंपनीचा स्फोट असला की लोकांचा प्रश्न एकच असतो, खिडक्या बंद करून घरात बसू की पळू? डोंबिवलीत मे 2016 ला झालं, मे 2024 ला परत झालं. ते उत्तर कक्षाने स्वतःच्या मनाने द्यायचं नसतं, फायर आणि औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडून यायला हवं, पण ते येईपर्यंत तुमचा मसुदा तयार असला पाहिजे, फक्त ठिकाण आणि वाऱ्याची दिशा भरायची बाकी. मराठीत आणि हिंदीत, मुंब्रा-भिवंडीसाठी उर्दूतही. टीटीसी पट्ट्यात (ठाणे-बेलापूरची एमआयडीसी) कंपन्यांचा 'मार्ग' नावाचा परस्पर मदत गट आहे, त्यांच्या मॉक ड्रिलला जायला मिळालं तर सुट्टी टाकून जा.

आणि माहिती वरून खाली येते हा समज काढून टाका. पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव 30 जुलै 2014 ला दरडीखाली गेलं ते बाहेर कळलं एसटीच्या ड्रायव्हरमुळे, गाव दिसेना म्हणून. त्यामुळे तुमच्या फोनच्या यादीत कलेक्टर ऑफिस असेलच, पण डेपो मॅनेजर, स्टेशन मास्तर, रिक्षा स्टँडवाले, डोंगराखालच्या वस्तीतली अंगणवाडी ताई हेही हवेत.

बरीचशी पदं कंत्राटी असतात, रात्रपाळी असते, गणपतीत सुट्टी मिळेल असं धरून चालू नका. जाहिराती महापालिका आणि जिल्ह्याच्या वेबसाइटवर येतात. जॉइन करायचं तर पावसाळ्याच्या आधी करा, कारण आपल्याकडे बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात आणि कक्ष जोरात सुरू होतो 1 जूनला, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच अर्धी यादी जुनी झालेली असते. नाव आहे सावंत साहेबांचं, फोन उचलतंय भलतंच कुणीतरी, सावंत साहेब गेले नाशिकला. मेच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक नंबर स्वतः लावून बघायचा, पदाचा नंबर वेगळा लिहायचा, माणसाचा वेगळा, आणि रात्री कोण उचलतं ते मुद्दाम विचारायचं. नवीन माणसाला हे काम सगळे आनंदाने देतात, कारण कुणालाच ते नको असतं. तुम्ही मागून घ्या.