मृगाचा बाण धरून मुलांना आकाश कसं दाखवावं

जूनच्या ७-८ तारखेला 'मृग लागला' म्हणून आपण ढगांकडे बघतो, पण तेव्हा मृगाचा एकही तारा दिसत नाही. तो बघायचा तर डिसेंबर ते मार्चमधल्या रात्री गच्ची गाठायची. मुलांना तारे दाखवायची सुरुवात मी या एकाच नक्षत्रापासून करतो. एका रात्रीत सत्तावीस नक्षत्रं दाखवणाऱ्या उत्साही काकांच्या भाचरांना सकाळी एकही आठवत नाही. तो काका मीच होतो.

दुर्बिणीची घाई नको. मी हौसेने घेतलेल्या पहिल्या दुर्बिणीचा स्टँड इतका लटपटायचा की तारा सापडला म्हणेपर्यंत निसटायचा. घरात बायनॉक्युलर असेल तर ती चांगली, नसेल तरी अडत नाही. अमावस्येच्या आसपासची रात्र निवडा, चटई आणि स्वेटर घ्या, टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळा. मोबाइल मात्र खिशातच राहू द्या. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात, आणि एकदा स्क्रीन बघितली की पुन्हा पहिल्यापासून!

आधी बाण शोधा

डिसेंबरच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. जवळजवळ सारख्या अंतरावरचे, एका रेषेतले तीन तारे एकावर एक दिसतील. हा हरणाच्या पोटात घुसलेला बाण. त्याच्या भोवतीचे चार ठळक तारे म्हणजे हरणाचे पाय. फेब्रुवारीत याच वेळी हे हरीण दक्षिणेकडे बरंच उंच चढलेलं असतं.

आता मुलांना हात लांब करून मूठ धरायला सांगा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. मुलाची मूठ लहान, पण हातही आखूड, त्यामुळे हिशोब जमतो. बाणाची रेषा खाली उजवीकडे दोन मुठींहून थोडी पुढे नेली की लखलखता व्याध सापडतो, बाण मारणारा शिकारी. तीच रेषा उलट दिशेला तेवढीच नेली की तांबूस रोहिणी, आणि तिथून दीड मुठीवर कृत्तिकांचा पुंजका. त्यात किती तारे दिसतात यावरून भांडणं होतात. होऊ द्या.

व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षांहून थोडा जास्त वेळ लागतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा: तू जन्मलास त्या सुमारास निघालेला प्रकाश आत्ता तुझ्या डोळ्यांत शिरतोय.

मग रंग विचारा

सांगू नका, विचारा. बाणाच्या डावीकडचा ठळक तारा काक्षी, उजवीकडचा राजन्य. दोघांचे रंग सारखे आहेत का? काक्षी तांबूस, राजन्य निळसर पांढरा. यातला गरम कोणता? बाथरूमच्या नळांवरच्या खुणांमुळे मुलं हमखास लाल म्हणतात. लोहाराकडचं लोखंड आधी लाल होतं, आणखी तापलं की पिवळं, मग पांढरं, हे सांगितलं की उत्तर फिरतं. काक्षीचा पृष्ठभाग सुमारे ३,३०० अंश सेल्सिअस, आपल्या सूर्याचा ५,५००, आणि राजन्याचा त्याच्या दुपटीहून जास्त.

'पण थर्मामीटर लावला कोणी?' हा प्रश्न येतोच. त्यासाठी घरात जुनी सीडी शोधा. खोलीत अंधार करून एकच दिवा लावा आणि त्याचं प्रतिबिंब सीडीवर तिरकं बघा. साध्या पिवळ्या बल्बचे रंग सलग पसरतात, जुन्या सीएफएलचे तुटक पट्टे दिसतात. (सूर्यावर हा प्रयोग अजिबात करायचा नाही.) ताऱ्याचा प्रकाश असाच पसरवला की कोणता रंग किती आहे यावरून तापमान कळतं, आणि बारीक रेघांवरून तिथे कोणती मूलद्रव्यं आहेत ते. हेलियमची पिवळी रेघ १८६८ मध्ये सूर्यप्रकाशात दिसली. पृथ्वीवर तो वायू सापडायला १८९५ साल उजाडलं.

ताऱ्याचं अंतर कसं मोजतात हे दाखवायला अंगठा पुरतो. हात लांब करून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा. मागच्या भिंतीसमोर अंगठा सरकतो, आणि जितका जवळ तितका जास्त. खगोलशास्त्रज्ञ दोन डोळ्यांऐवजी पृथ्वीच्या कक्षेची दोन टोकं वापरतात. सहा महिन्यांत आपण सुमारे ३० कोटी किलोमीटर पलीकडे गेलेलो असतो. १८३८ मध्ये बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने याच युक्तीने एका ताऱ्याचं अंतर काढलं.

सुट्टीत नारायणगावाकडे गेलात तर खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दाखवा. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० अँटेना आहेत. त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात, त्यामुळे भर दुपारीही त्यांचं काम चालतं.

शेवटी टाकीची कड

गच्चीवर एक जागा खडूने आखा. तिथे बसून व्याध पाण्याच्या टाकीच्या कडेमागे कधी जातो ती वेळ वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी तो चार मिनिटं आधी जाईल, महिनाभराने दोन तास. असं करत मेच्या मध्यापर्यंत मृग मावळतीच्या उजेडात बुडतो, कारण सूर्य सरकत सरकत त्याच्या दिशेला पोचत असतो. आणि मग काही आठवड्यांनी आजी कॅलेंडर बघून म्हणते, 'मृग लागला.'