इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टचा ड्राइव्ह टायर बदलताना या चुका टाळा

इलेक्ट्रिक काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्टमध्ये (पुढच्या मालाचा तोल मागच्या वजनाने सांभाळणाऱ्या गाडीत) पुढची दोन चाकंच गाडी ओढतात. त्यांचे टायर म्हणजे ड्राइव्ह टायर. बहुतेक मॉडेलमध्ये पार्किंग ब्रेकही त्यांनाच धरतो, आणि काट्यांवर पूर्ण माल असताना एकूण वजनाचा ८५ ते ९० टक्के भार त्यांच्यावरच येतो. त्यामुळे इथली चूक मागच्या चाकासारखी खपून जात नाही. खालची उदाहरणं २ टनी, चारचाकी गाडीची आहेत. तिला पुढे बहुधा २१×८-९ चा (व्यास २१, रुंदी ८ आणि रिम ९ इंच) सॉलिड, म्हणजे हवा नसलेला भरीव रबराचा टायर असतो.

झिजलेल्या टायरवर टेप लावून माप घेणं

माप टायरच्या बाजूला कोरलेलं असतं, तेच वाचा. २१×८-९ ला ६.००ई-९ ची रिम लागते, १८×७-८ ला ४.३३आर-८ ची आणि २३×९-१० ला ६.५०एफ-१० ची. रिमवर ठोकलेला आकडा याच्याशी जुळलाच पाहिजे. मग टायर साधा आहे की लॉकचा, ते बघा. साध्याला साइड रिंग, म्हणजे टायर कडेला अडवून धरणारं लोखंडी कडं, लागते. लॉकच्या टायरला कडेला रबराचा उठाव असतो आणि तो रिंगेशिवाय बसतो. साइड रिंगच्या रिमवर रिंग न लावता साधा टायर चढवला, तर माल घेऊन वळताना तो हळूहळू बाहेर सरकतो.

एकच टायर बदलणं

पैसे वाचवायला एकच बाजू बदलतात आणि मास्ट, म्हणजे काटे वर-खाली नेणारा उभा सांगाडा, वाकडा होतो. हिशेब करून बघा: दोन टायरच्या व्यासात ३० मिमी फरक असेल, तर एक बाजू १५ मिमी खाली. चाकांमधलं अंतर ९०० मिमी धरलं, तर ४ मीटर उंचीवर माल ६५ मिमीहून जास्त एका बाजूला जातो. रॅकमध्ये पॅलेट ठेवताना तेवढं पुरेसं घातक आहे. पुढचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे घ्या आणि एकदमच बदला.

हँडब्रेकच्या भरवशावर गाडी उचलणं

सगळ्यात धोक्याची चूक हीच. ब्रेक पुढच्या चाकांवर असतो. ती हवेत गेली की गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. ब्रेक मोटरवर असेल आणि मध्ये डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) असेल, तर एकच चाक उचललं तरी जमिनीवरचं दुसरं चाक फिरू शकतं. म्हणून मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून पाचर ठोका, मगच जॅकला हात लावा. चाकाचे नट त्याआधी, गाडी जमिनीवर असतानाच, अर्धा आटा सैल करून घ्या.

‘२ टनी गाडी’ म्हणून २ टनी जॅक आणू नका. २ टन ही उचलण्याची क्षमता आहे. गाडीचं स्वतःचं वजन बॅटरीसकट साडेतीन टनांच्या आसपास असतं. ५ टनी टो-जॅक (जमिनीलगतच्या पंजाने उचलणारा जॅक) वापरा आणि तो मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी, फ्रेमखालीच लावा. मोटर-गिअरबॉक्सच्या हाउसिंगखाली किंवा बॅटरीच्या बाजूच्या पत्र्याखाली नको.

काही जण मास्ट मागे झुकवून त्याच्या दोन्ही बाहेरच्या चॅनेलखाली कठीण लाकडाचे ठोकळे ठेवतात आणि मास्ट पुढे झुकवून चाकं उचलतात. ही पद्धत चालते. पण सिलिंडरमधलं तेल सरकतं, तशी गाडी मिलिमीटर-मिलिमीटरने खाली बसते. फ्रेमखाली स्टँड किंवा लाकडी ठोकळे आल्याशिवाय चाक काढू नका. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक तर अजिबात नकोत. आधार बसला की चावी काढा आणि बॅटरीचा प्लग ओढून बाजूला ठेवा.

घण, पहार आणि ग्रीस

सॉलिड टायर हायड्रॉलिक प्रेसवरच चढतो आणि उतरतो, आणि ती प्रेस साधारण १०० टनांच्या वरची हवी. जुना टायर गॅस कटरने कापला तर रिमचं पोलाद तापून कमकुवत होतं. रिम वायर ब्रशने घासून गंज काढा आणि साबणाचं पाणी किंवा टायर पेस्ट लावा. ग्रीस, ऑइल नको. ते रबर खातं आणि टायर रिमवर फिरायला लागतो.

टायर हवेचा असेल आणि रिम दोन भागांची, तर चाक गाडीवरून काढण्याआधीच व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा. चाकाचे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग जोडणारे बोल्ट वेगळे. हवा भरलेली असताना चुकून हे बोल्ट उघडले, तर रिम उडून जीव जातो.

नट आवळताना

हबचा (ज्यावर चाक बसतं त्या भागाचा) चेहरा पुसून घ्या. तिथला गंज किंवा रंगाचा पापुद्रा चाकाला डगमग देतो. नटाची निमुळती बाजू आत, आटे कोरडे. समोरासमोरचे नट आळीपाळीने घ्या आणि शेवटचा आवळ मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच) द्या. पहिली पाळी संपली की पुन्हा तपासा.

नंतर काय बिघडतं

टायर आणि रिम यांवरून एक सरळ पांढरी रेघ रंगाने मारून ठेवा. आठवड्याने रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर टायर रिमवर घसरतोय: रिमला तेल लागलंय, माप चुकलंय किंवा रिंग नीट बसलेली नाही. बॅटरी आधीपेक्षा लवकर उतरायला लागली, तर चाक हवेत उचलून हाताने फिरवून बघा. ब्रेक किंवा फ्रेम घासत असेल तर तिथेच कळतं.

औषधांच्या किंवा खाद्यपदार्थांच्या गोदामात काळे डाग नकोत म्हणून नॉन-मार्किंग टायर घालतात. त्यात कार्बन ब्लॅक (रबर काळं करणारी कार्बनची पूड) नसतो, त्यामुळे गाडीत साठलेली स्थिर वीज जमिनीत उतरत नाही. टायर बदलल्यावर चालकाला रॅकला हात लावताच चटका बसायला लागला, तर कारण बहुधा हेच. फ्रेमपासून फरशीला टेकणारा अँटिस्टॅटिक पट्टा लावा, आणि तो झिजून वर उचललेला नाही ना, ते दर सर्व्हिसला वाकून बघा.