लेकरांना खरेदी शिकवताना या चुका टाळा

मृगाच्या तोंडावर मोंढ्यात कृषी सेवा केंद्रांपुढे गर्दी होते. घरातली वर्षातली सगळ्यात मोठी खरेदी त्या दोन-तीन दिवसांत होते, आणि तेरा-चौदा वर्षांचं लेकरू तेव्हा बाहेर गाडी राखत उभं असतं. माझ्या मते हीच पहिली आणि सगळ्यात मोठी चूक. मी परभणी जिल्ह्यात शिकवते. वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांच्या घरी सोयाबीन पेरतात, पण बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल वाचलेलं पोर क्वचितच सापडतं.

त्याला आत न्या. लॉट नंबर, उगवणशक्ती आणि वापराची अंतिम मुदत त्यालाच मोठ्यानं वाचायला लावा. पावतीवर तोच लॉट नंबर आलाय का, हेही त्यानंच ताडून बघावं. मग घरी आल्यावर मूठभर बियाणं त्याच्या हाती द्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा रांगा मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. सोयाबीनचे शंभरातले किमान 70 दाणे उगवले पाहिजेत. स्वतः मोजलेला हा आकडा पोर विसरत नाही. घेतलेला माल तपासायचा असतो, हे सांगायला मला यापेक्षा चांगला धडा सापडलेला नाही.

पेरणी झाली की रिकामी पिशवी सरपणात टाकू नका. पावती, लेबल आणि थोडं बियाणं एकत्र बांधून ठेवायचं काम लेकराकडेच द्या. पीक उगवलं नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते, आणि पंचनाम्याच्या वेळी याच तीन वस्तू मागतात. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्येच स्पष्ट केलं आहे.

‘दुकानदार ओळखीचा आहे, काही विचारू नको’

गावात हे वाक्य आपण सहज बोलतो. पाव्हण्यारावळ्यांतलं दुकान असतं, पावती मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं आपल्याला वाटतं. लेकरू मात्र त्यातून एवढंच शिकतं की विचारणं वाईट. ‘काका, याची पावती द्या ना’ हे वाक्य घरीच दोन-तीनदा म्हणून घ्या. आदरानं मागितलेल्या पावतीनं कुणाचं मन दुखत नाही.

एमआरपी म्हणजे ठरलेला भाव, असं बहुतेक पोरांना वाटतं. ती सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत असते. त्यापेक्षा कमीत मागता येतं, जास्त मात्र घेता येत नाही. थंड पेयावर ‘गार करायचे’ म्हणून दोन रुपये वर मागितले तर ते चूक आहे, हे दहा वर्षांच्या लेकरालाही कळतं. फक्त त्याला आधी कुणी तरी सांगायला हवं.

फसल्यावर रागावणं

माझ्या भाच्यानं साठवलेल्या पैशांतून जत्रेत इअरफोन घेतले. तिसऱ्या दिवशी एक बाजू बंद पडली. घरात सगळे त्याच्यावर ओरडले, आणि मग त्याच्या वडिलांनी गुपचूप दुसरे आणून दिले. दोन्हीही चुकलं. ओरडल्यामुळे पुढच्या वेळी तो फसल्याचं सांगणारच नाही, आणि नवे मिळाल्यामुळे पावती न घेतल्याचं नुकसान त्याला भोगावंच लागलं नाही. शांतपणे विचारा, घेताना काय बघायचं राहिलं? त्याच्याकडूनच उत्तर येऊ द्या.

फोनवरच्या खरेदीत तर जास्तच लक्ष द्यावं लागतं. ‘फक्त दोनच शिल्लक’ म्हणून घाई करणं, न मागितलेली वस्तू गुपचूप बिलात घालणं, अशा 13 प्रकारच्या क्लृप्त्यांना केंद्र सरकारच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत मनाई आहे. पोरांसोबत बसून एखाद्या ॲपवर त्या शोधून काढा. मोठी पोरं यात फार रमतात. आणि पैसे *घेण्यासाठी* यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे त्यांच्याकडून पाठच करून घ्या. कुणी फसवून पैसे काढलेच, तर लगेच 1930 वर फोन करायचा.

तक्रार ‘आपल्यासारख्यांचं काम नाही’ म्हणणं

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या लेकराच्या वतीनं आई-वडिलांना तक्रार करता येते, तीही आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. आयोगाकडे जाण्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. तो फोन तुम्ही लावा, पण वस्तू कधी घेतली, काय बिघडलं आणि आपल्याला काय हवंय, हे लेकराला आधी कागदावर लिहून काढू द्या. बोलायला त्यालाच पुढे करा, तुम्ही शेजारी बसा.