पोलिसांच्या गोळीत घरचा माणूस गेला तर भरपाईचा दावा कसा लावायचा

पोलीस म्हणतात अंगावर धावून आला म्हणून बचावात गोळी झाडली, अन् गावात सगळे म्हणतात सरकारशी कोण लढणार, झालं संपलं. संपलं नाही बाप्पा! फौजदारी केस वेगळी, भरपाईचा दिवाणी दावा वेगळा, अन् दिवाणीत 'तिळभर शंका नको' असा पुरावा लागत नाही, कोणाचं पारडं जड ते बघतात.

तेरवीपर्यंत थांबू नका. पीएम म्हणजे शवविच्छेदनाच्या रिपोर्टची नक्कल मागा अन् त्यात दोन गोष्टी बघा, गोळी कुठून शिरली अन् जखमेभोवती बंदुकीच्या दारूची काजळी आहे का, कारण काजळी जवळून झाडली तरच येते. समजा पोलीस म्हणतात कोयता घेऊन समोरून धावला अन् गोळी पाठीत, मग बचावाची गोष्ट तिथंच लटपटते. बचाव म्हणणाऱ्यालाच तो दाखवावा लागतो, अन् गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क भारतीय न्याय संहिताही देत नाही. रक्ताचे कपडे घरी असतील तर धुऊ नका, कागदात बांधून ठेवा. शेजारच्या धुऱ्यावर कोण होतं, त्यांची नावं आजच लिहून घ्या, सोयाबीन निघालं की मजूर पांगतात.

२०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की अशा मृत्यूत एफआयआर झालाच पाहिजे, तपास सीआयडी नाहीतर दुसऱ्या ठाण्याच्या टीमनं करायचा अन् मॅजिस्ट्रेट चौकशीही व्हायला हवी. त्या चौकशीत जबाब द्याच, नक्कल घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा कोणालाच नाही.

मुदत मात्र जीवघेणी आहे. सरकारवर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. प्राणघातक अपघात कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीनं माणूस गेला तर घरच्यांना भरपाई मागू देणारा कायदा, त्यात दाव्याला मृत्यूपासून दोन वर्षं, पण पोलिसावर व्यक्तिशः दावा असला की समोरचा वकील महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १६१ काढतो, तिथं सहाच महिने, म्हणून सहा महिनेच धरून चला. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत जा, बाई असो की एससी-एसटी, वकील फुकट मिळतो.

दुसरा रस्ता हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिट, म्हणजे मूलभूत हक्क मोडला म्हणून सरकारविरुद्ध थेट याचिका. ओडिशात नीलाबती बेहरांचा पोरगा पोलीस कोठडीत मेला, त्या आईचं साधं पत्र सुप्रीम कोर्टानं याचिका मानलं अन् १९९३ मध्ये दीड लाख द्यायला लावले, सार्वभौम सरकार म्हणून सूट नाही असं बजावून. पण कोणी कोणावर आधी हल्ला केला हाच वाद असला तर रिटमध्ये साक्षीदार तपासत नाहीत सहसा, मग दिवाणी कोर्टच बरं.

अन् रक्कम ठरते कमाईवर. बटईची शेती असो की कापूस वेचणीची मजुरी, पासबुक, जॉबकार्ड, जिनिंगच्या पावत्या, जे असेल ते एका पिशवीत जमा करा अन् वकिलाकडं पहिल्या भेटीतच न्या.